पुरात बुडालेली गाडी ओळखायची कशी? जुनी गाडी घेण्याआधी सीटखाली हात घाला

घोटावडे (ता. मुळशी) : भात झोडून झालं, दुधाची-फुलांची पट्टी हातात पडली की आपल्याकडं जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. घोटावडे फाट्यावर चहा प्यायला उभं राहिलं तरी दोघं-तिघं गाडीचंच बोलत असतात. कुणाला हिंजवडीला कामावर जायला छोटी गाडी पाहिजे, कुणाला मार्केटला माल न्यायला पिकअप, कुणाला घरच्या माणसांसाठी सात सीटर. नवी परवडत नाही, म्हणून सेकंडहँड. त्यात चूक काहीच नाही. आमच्या घरी आजवर आलेल्या तिन्ही गाड्या सेकंडहँडच. पण या बाजारात एक माल असा फिरतो की जो बघायला चकाचक असतो, किमतीला चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त असतो आणि आतून सडलेला असतो. तो म्हणजे पुरात बुडून निघालेली गाडी.

हे लिहायचं कारण घरातलंच आहे. २०२२ च्या दिवाळीत माझ्या चुलतभावानं शहरातल्या एका दलालाकडून डिझेल गाडी घेतली. तीन लाख पंच्याऐंशी हजारांना सौदा झाला, त्यातले दीड लाख पतसंस्थेचे. पांढरीशुभ्र गाडी, नवी सीट कव्हरं, आत गुलाबाचा वास. आम्ही चौघं बघायला गेलो होतो, मीही होतो. इंजिनाचा आवाज ऐकला, टायर बघितले, एक चक्कर मारली आणि पेढे घेऊन घरी आलो. पुढच्या पावसाळ्यात खेळ सुरू झाला. काच आपोआप खाली जायची. हॉर्न दाबला की वायपर हलायचा. मग एकदा ताम्हिणी घाटात, बायकापोरं आत असताना, उतारावर इंजिन बंद पडलं आणि स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. हँडब्रेक ओढून गाडी कडेला थांबली म्हणून आज हे लिहितोय. पिरंगुटच्या मिस्त्रीनं पुढची सीट काढून कार्पेट उचललं तेव्हा खाली पिठासारखा बारीक गाळ बसलेला. वायरिंग, कॉम्प्युटर, अल्टरनेटर असं करत नव्वद हजार गेले. तरी गाडी सुधरली नाही. शेवटी एक लाख दहा हजारांत सुटे भाग विकणाऱ्याला दिली. पतसंस्थेचा हप्ता त्यानंतरही चालू होता.

ती गाडी कुठं बुडाली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीवर तसं कुठं लिहिलेलं नसतं, तीच तर अडचण आहे.

एवढ्या बुडालेल्या गाड्या येतात कुठून?

आपल्या राज्यात मोठ्या पुरांची यादीच आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रस्त्यावर सोडलेल्या गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात पंचगंगेनं तेच केलं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून खाली अरण्येश्वर, सहकारनगर भागात गाड्या कागदी होड्यांसारख्या एकमेकींवर चढल्या. जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडालं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याच चोवीस तासांत आपल्या ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, ते आपण विसरलेलो नाही. राज्याबाहेरचं धरायचं तर चेन्नई २०१५, केरळ २०१८, हैदराबाद २०२०. तिकडच्या गाड्याही ट्रेलरवर चढून इकडं येऊ शकतात.

पुरानंतर पुढं काय होतं ते बघा. मालकाचा सर्वसमावेशक विमा असेल तर कंपनीचा सर्व्हेअर येतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि बुडालेली गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते. लिलावात घेणारे काहीजण ती खरोखर तोडून भाग विकतात, तो धंदा सरळ आहे. पण काहीजण ती धुतात, सुकवतात, सीट बदलतात, पॉलिश मारतात आणि लांबच्या जिल्ह्यात पुन्हा विकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकानं १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. पण ‘कायमची निकामी’ आणि ‘दुरुस्त केली तर चालेल’ यांच्यामध्ये मोठी पळवाट आहे. काही देशांत पुरात बुडालेल्या गाडीच्या कागदावरच तसा शिक्का बसतो. आपल्या आरसी बुकावर असा रकानाच नाही.

ज्याचा विमाच नव्हता किंवा फक्त थर्ड पार्टी होता, त्याची गाडी तर कुठल्याच नोंदीत येत नाही. तो बिचारा आहे तशी विकून मोकळा होतो. त्यालाही दोष द्यावासा वाटत नाही, पण घेणाऱ्यानं सावध राहिलं पाहिजे.

पाणी गेल्यावर काय राहतं

शेतकऱ्याला हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. मुळशी धरणातून पाणी सोडणार असा निरोप आला की नदीकाठचे आपण सगळे मोटारी वर काढायला पळतो. का? कारण एकदा बुडालेली मोटार सुकवून, वाइंडिंगला वॉर्निश मारून चालू होते, पण बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांनी आवाज करायला लागतं आणि ऐन पाण्याच्या पाळीला मोटार जळते. गाडीचं तसंच आहे. फरक एवढाच की गाडीत अशा दहा-वीस मोटारी, तीन-चार कॉम्प्युटर आणि शेकडो वायरींचे जोड असतात. पाणी उन्हात सुकतं. जोडात शिरलेला गाळ आणि मीठ मात्र तिथंच राहतं आणि ओल मिळाली की तांबं खात बसतं. म्हणून बुडालेली गाडी उन्हाळ्यात छान चालते आणि पावसाळ्यात त्रास द्यायला लागते. माझ्या मतानं जुनी गाडी घ्यायची तर बघायला पावसाळ्यातच जावं, पण आपला सगळा व्यवहार दिवाळी आणि पाडव्याचा.

पाणी किती चढलं होतं यावर सगळं अवलंबून आहे. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी लागलं तर फारसं काही बिघडत नाही. ब्रेक आणि चाकांची बेअरिंग साफ केली की झालं. आपल्या ओढ्यातून रोज एवढ्या पाण्यातनं पिकअप जातात. दरवाजाच्या उंबऱ्यावरनं पाणी आत आलं की कार्पेट, त्याखालचा फोम आणि सीटखालच्या वायरी भिजतात. एअरबॅगचा कंट्रोल बऱ्याच गाड्यांत गिअरच्या पुढं-मागं, मधल्या कन्सोलखाली जमिनीलगतच असतो. म्हणजे फूटभर पाणी आत आलं तरी जिवाचं रक्षण करणारी वस्तू आधी बुडते. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली गाडी मात्र घेऊच नये, कितीही स्वस्त मिळो. तिथं फ्यूज बॉक्स, बॉडी कंट्रोल, मीटर, एसी, स्टेअरिंगची इलेक्ट्रिक मोटार सगळंच येतं.

पाणी कसलं होतं हेही महत्त्वाचं. पावसाचं स्वच्छ पाणी त्यातल्या त्यात बरं. गटाराचं मिसळलेलं वाईट. खाडीचं, भरतीचं खारं पाणी सगळ्यात वाईट, ते पत्रा आणि तांबं दोन्ही खातं.

वास, मग पट्टा, मग सीटखाली

गाडी बघायला दिवसा उजेडी जायचं. दलालाला आधी सांगायचं की गाडी धुऊन, सेंट मारून ठेवू नको. तरी तो ठेवणारच. म्हणून गेल्या गेल्या सगळ्या काचा बंद करून आत दहा मिनिटं बसायचं. मग एसी न लावता नुसता पंखा पूर्ण वेगानं सुरू करायचा आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबायचं. भिजलेल्या गोणपाटाचा, बंद पेवाचा कुबट वास पहिल्या दोन मिनिटांत येतो. सुगंधाची बाटली त्याच्यावर फार वेळ टिकत नाही. वास अगदीच जास्त गोड येत असेल तरी संशय घ्यायचा.

मग सीट बेल्ट. ही तपासणी फुकटची आहे आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची. पट्टा धरून शेवटपर्यंत, अगदी आणखी येत नाही इथपर्यंत बाहेर ओढायचा. वापरताना पट्टा निम्माच बाहेर येतो, उरलेला गुंडाळीत राहतो. बुडालेल्या गाडीत त्या गुंडाळीत गाळाचं पाणी मुरतं आणि पट्ट्यावर आडवी रेघ किंवा डाग उठतो. धुणारे सीट धुतात, कार्पेट बदलतात, पट्ट्याच्या मुळापर्यंत सहसा कुणी जात नाही. पाचही सीटचे पट्टे बघा. एकच पट्टा कोरा नवा आणि बाकीचे जुने असतील तर कशामुळं बदलला ते विचारा. सगळेच कोरे नवे असतील आणि गाडी दहा वर्षांची असेल तर विचारायचीही गरज नाही.

मग सीटखाली. मोबाईलची बॅटरी लावून आडवं व्हायचं. कपडे मळले तर मळले. सीटचे रूळ, सीट जमिनीला बसवलेले चार बोल्ट आणि सीटखालच्या स्प्रिंगा बघायच्या. गाडीच्या आतल्या बाजूच्या लोखंडाला गंज येण्याचं काही कारण नसतं, तिथं पाऊस पडत नाही. तिथं तांबूस गंज असेल तर आत पाणी होतं असं समजायचं. बोल्टचा रंग उडालेला आणि पान्याचे ताजे ओरखडे दिसत असतील तर सीट खोलली होती. सीट कोण कशाला खोलेल? खाली वायरींचे पिवळे सॉकेट दिसतात, ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. दुसऱ्या रंगाच्या सॉकेटात हिरवट-पांढरा मळ, पितळेचं भांडं कळकल्यासारखा, दिसला की विषय संपला.

कार्पेटचा कोपरा ड्रायव्हरच्या पायाजवळ किंवा दरवाजाच्या कडेची प्लॅस्टिक पट्टी काढून उचलता येतो. दलाल नको म्हणाला तर ‘मी बसवून देतो परत’ म्हणायचं. खालच्या फोमला हात लावून दाबायचा. ओलसर, कडक झालेला किंवा हाताला बारीक वाळूसारखं लागलं तर उठायचं.

चिखल आहे, पण कुठं आहे?

इथं आपल्या भागासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शहरातला मेकॅनिक गाडीखाली चिखल दिसला की तोंड वाकडं करतो. आपल्या गाड्या खाचराच्या बांधापर्यंत जातात. चाकाच्या कमानीत, पायदानात, डिकीत माती असणं हा गुन्हा नाही. पायाला लागून आलेली माती कार्पेटच्या वर असते. पुराचा गाळ कार्पेटच्या खाली असतो. पायाची माती ढेकळासारखी, पुराची पिठासारखी. आणि पायाची माती माणसाचा पाय पोचत नाही तिथं कधीच पोचत नाही. मागच्या दिव्याच्या आत, दरवाजाच्या स्पीकरमागं, डॅशबोर्डच्या कप्प्यामागं, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात जॅकच्या खाली, बॉनेटच्या बिजागरीमागं माती सापडली तर ती पाण्याबरोबरच आलेली.

हेडलाइट आणि टेललाइटमध्ये बघा. थंडीत सकाळी काचेवर थोडं धुकं धरणं चालतं. पण आत पाण्याची आडवी रेघ, गाळाचा थर किंवा चंदेरी भागावर डाग असतील तर दिवा बुडालेला आहे. दोन्ही हेडलाइट नवे आणि बंपर जुना असंही दिसतं. तेव्हा अपघात की पाणी, हा प्रश्न विचारायचा.

गाळाचा रंगही बोलतो, असं एका अनुभवी मिस्त्रीनं मला दाखवलं. कोकणातला गाळ तांबडा, कृष्णाकाठचा काळसर चिकण. गाडी एमएच-१२ ची, मालक म्हणतो कायम पुण्यातच होती आणि स्टेपनीखाली तांबडी माती, तर गाडी कुठं तरी जाऊन आलेली आहे. हा काही कोर्टात चालणारा पुरावा नाही. पण विचारायला तोंड मिळतं.

पासिंगच्या नंबरावरून मात्र निकाल देऊ नका. एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी, एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली, एमएच-०६ रायगड. या नंबरांची प्रत्येक गाडी बुडालेली नसते. तिकडच्या चांगल्या गाडीवाल्यांना यामुळं उगाच भाव कमी मिळतो. आणि बुडालेली गाडी एमएच-१२ चीही असू शकते, एकतानगरीतल्या गाड्या कुठल्या पासिंगच्या होत्या?

इंजिन आणि खालचा भाग

लोक इंजिनवर फार वेळ घालवतात. खरं तर विकणारा सगळ्यात आधी तेच नीट करून ठेवतो. ऑइलची कांडी काढून बघतात, ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर पाणी गेलंय, हे सगळ्यांना माहीत झालंय. म्हणून ऑइल नवंच घातलेलं असतं. झाकण उघडून आतल्या बाजूला पिवळट लोण्यासारखा थर आहे का ते बघा, एअर फिल्टरचा डबा उघडून तळाला गाळ आहे का ते बघा. फिल्टर कोरा नवा आणि डब्याच्या तळाला गाळाची रेघ, असं मी स्वतः पाहिलंय.

पाण्यात उभ्या गाडीला चावी मारली असेल तर वेगळंच संकट. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडाच वाकला तर गाडी चालते, आवाज थोडा जड येतो आणि काही हजार किलोमीटरनंतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. डिझेल गाडीत दाब जास्त, म्हणून धोका जास्त. मिस्त्रीकडं कॉम्प्रेशन गेज असेल तर चारही सिलिंडरचा दाब मोजून घ्या. एकाचा बराच कमी आला तर सोडून द्या.

पिकअप किंवा मागच्या चाकाला ओढ असलेली कुठलीही गाडी घेणाऱ्यानं एक काम नक्की करावं. मागच्या कुंड्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं, ऑइल थोडं काढून बघावं. इंजिन ऑइल सगळे बदलतात, कुंड्याचं ऑइल कुणी बदलत नाही. चालून तापलेला कुंडा अचानक थंड पाण्यात गेला की हवा सोडायच्या बारीक नळीतून पाणी आत ओढून घेतो. ऑइल राखाडी-दुधाळ असेल तर पाणी आहे. हे ओढ्यातून रोज जाणाऱ्या गाडीतही होतं, म्हणून एवढ्यावरून गाडी पुरातली ठरवू नका, पण किमतीत धरा.

सीएनजी गाडी असेल तर टाकी बांधलेल्या पट्ट्यांचा आणि स्टँडचा गंज बघा. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते, तारीख तपासा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडीच्या नारिंगी वायरींना आपण किंवा गावातल्या मिस्त्रीनंही हात लावू नये. त्यात जीव घेणारा दाब असतो. ती कंपनीच्या वर्कशॉपमध्येच तपासून घ्यायची.

गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायचीच. वॉशिंग सेंटरवाला शे-दोनशे रुपयांत चढवून देतो. खाली जुन्या गाडीला ताजं काळं डांबरी कोटिंग मारलेलं असेल तर नखानं खरवडून बघा, त्याच्या खाली काय लपवलंय.

चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका

चावी एका टप्प्यावर फिरवली की मीटरमध्ये दिवे लागतात. इंजिन, एबीएस, एअरबॅग, बॅटरी. ते आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा पेटतच राहिला तर बिघाड आहे हे कुणालाही कळतं. पण तो मुळात लागलाच नाही, तर बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असू शकते. ही फसवणूक सगळ्यात वाईट, कारण बाकी बिघाडानं पैसे जातात, यानं माणूस जातो.

मग लहान मुलासारखं सगळं दाबत बसायचं. चारही काचा तीन-तीन वेळा वर-खाली, आरसे, सेंट्रल लॉक, वायपरचे सगळे वेग, दोन्ही इंडिकेटर, आतले दिवे, हॉर्न, टेप, एसी, मागच्या काचेचा हीटर. एक स्पीकर खरखरतोय, एक काच हळू चढतेय, एवढं चालतं. चार-पाच गोष्टी एकदम बिनसलेल्या असतील, त्याही एकमेकींशी संबंध नसलेल्या, तर मूळ पाण्यात आहे.

ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत न्या आणि त्याला स्कॅनर लावायला सांगा. दलाल आदल्या दिवशी एरर पुसून ठेवतात. म्हणून स्कॅनर दोनदा लावायचा, एकदा आधी आणि एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर. दुसऱ्या वेळी एरर परत उगवतात. चांगला माणूस याचे हजार-दीड हजार घेईल. चुलतभावाचे जे गेले त्याच्यापुढं हे काहीच नाही. तेव्हा आम्ही हजार रुपये वाचवले होते.

कागदातली खूण

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा, पीयूसी, फिटनेस, कर्जाचा बोजा एवढं दिसतं. पूर दिसत नाही. त्यासाठी दुसरीकडून वळसा घालावा लागतो.

पहिलं, मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. त्यात ‘नो क्लेम बोनस’ हा आकडा असतो. क्लेम घेतला नाही तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. क्लेम घेतला की शून्यावर येतो. २०२१ ला ४५ टक्के होता आणि २०२२ ला शून्य, तर मधल्या पावसाळ्यात काय झालं ते विचारायचं. गाडी त्या काळात विकली गेली असेल तरीही शून्य होतो, कारण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. म्हणून मालक बदलल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. दुसरं, सर्व्हिसचा इतिहास. कंपनीच्या वर्कशॉपला मालकाकडूनच विचारून घ्या. दर सहा महिन्यांनी येणारी गाडी अचानक वर्षभर गायब, किंवा एकाच बिलात कार्पेट, वायरिंग, कंट्रोल युनिट, स्टार्टर बदललेले, म्हणजे उत्तर मिळालं.

तिसरं, चासी आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. टोटल लॉस गाडीचे कागद विकत घेऊन ते चोरीच्या गाडीला लावायचे, हाही एक धंदा आहे. असली गाडी पोलिसांनी नेली तर पैसेही जातात आणि चौकशीही मागं लागते.

दलालाकडून घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. ते अधिकारपत्र बघायला मागा. ‘मालक बाहेरगावी आहे, सह्या करून ठेवल्यात’ असं म्हणणाऱ्याकडून घ्यायचीच नाही. पहिल्या मालकाशी फोनवर तरी बोलल्याशिवाय बयाणा देऊ नका. आमच्या वेळी आम्ही बोललो नव्हतो.

सौद्याच्या कागदावर दलाल ‘गाडी आहे त्या स्थितीत, बघून-तपासून घेतली’ असं छापील वाक्य घालतो. त्याच्याखाली आपण आपलं वाक्य घालून घ्यायचं : ‘सदर गाडी पुरात किंवा पाण्यात बुडालेली नाही, टोटल लॉस झालेली नाही, तसे आढळल्यास रक्कम परत करीन.’ सही करायला तो कां-कूं करायला लागला की समजायचं. जाहिरात, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा जपून ठेवा. रोख दिले आणि पावती नाही, तर कुठंही दाद मागता येत नाही, आमचं तेच झालं. डीलरकडून फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्ह्यातच चालतो, वकील लागतोच असं नाही. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला मात्र तो रस्ता नाही. तिथं पोलीस आणि दिवाणी कोर्ट, म्हणजे चकरा.

आपलीच गाडी पाण्यात गेली तर

चावी मारायची नाही. ही एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. पाणी ओसरल्यावर आधी बॅटरीची वायर काढायची, पाण्याची रेघ दिसेल असे चारी बाजूंनी फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढून न्यायची. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं. पण पाण्यात चावी मारून इंजिन तुटलं तर कंपनी ते तुमच्या चुकीत धरते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे वेगळं कलम घ्यावं लागतं, थोडेच जास्त पैसे पडतात. नदीकाठी किंवा हिंजवडीसारख्या पाणी तुंबणाऱ्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यांनी ते घ्यावं.

आणि ती गाडी पुढं विकायची झाली तर घेणाऱ्याला सांगून विका. वीस-पंचवीस हजार कमी येतील. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी लागलेली, वेळेत साफ केलेली गाडी सांगून विकली तरी गिऱ्हाईक मिळतं. मागच्या महिन्यात आमच्याच आळीत एक अशी विकली गेली.

विकल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यायचं विसरू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. नाव बदललं नाही आणि गाडीनं कुणाला उडवलं तर भरपाई कागदावरच्या मालकावर येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तसंच सांगितलंय. चुलतभावानं ती गाडी भंगारात दिली तेव्हा आरसी तशीच सोबत देऊन टाकली होती. मी मागं लागून महिनाभरानं ती परत आणवली आणि नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. नाहीतर तीच गाडी, तोच गुलाबाचा वास मारून, पुन्हा कुणाच्या तरी दारात गेली असती.